आल्बिनाच्या दंडांची भूक

पाचूबंदरच्या किनाऱ्यावर होडी वर ओढायची वेळ आली की बाप्ये आधी आल्बिनाला हाक मारत. तिनं दोराला हात घातला की होडी मुकाट वर यायची, आणि नवरा सेबेस्टियन असा छाती फुगवून बघायचा, जणू जोर त्यानंच लावलाय.

एकदा वादळात सेबेस्टियन बुडता बुडता वाचला. तेव्हापासून ईस्टरआधीच्या उपासकाळातला प्रत्येक शुक्रवार आल्बिना नवस म्हणून संध्याकाळपर्यंत नुसतं पाणी पिऊन काढी. पुढे मधुमेह जडला, इन्सुलिन सुरू झालं. फादर म्हणाले, "आजाऱ्यांना उपास माफ असतो." तिला ते झोंबलं. माफी दुबळ्यांना! आणि उपास सोडल्यावर दर्यानं नवरा नेला तर? शिवाय सुई काही पोटात जात नाही, म्हणजे सुईनं उपास मोडत नाही, असा तिचा चोख हिशेब. अठ्ठ्याण्णव सालच्या एका शुक्रवारी तिनं नेहमीएवढं इन्सुलिन टोचलं आणि उपाशीपोटी दोर ओढायला गेली.

होडी वर आली आणि आल्बिना खाली बसली. दरदरून घाम, हात लटपटलेले. सेबेस्टियननं साखर पुढे केली तर हिनं दात आवळले. "माजा उपास हाय!"

"तोंड उघड!" जन्मात पहिल्यांदा त्यानं बायकोवर आवाज चढवला. "दर्याचं मी बगतो!"

ती इतकी चकित झाली की तोंड उघडलंच.

डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावलं, "उपाशी असताना स्नायू चरबीवर भागवतात, साखर मेंदूसाठी राखली जाते. तुम्ही सुई टोचलीत. चरबीची वाट बंद, यकृतातली साखर अडली, आणि स्नायू रक्तातली साखर ओढायला लागले. वर दोर ओढलात. एवढे दणकट दंड! मग साखर उरणार कशी?"

बाकीचं तिनं कितपत ऐकलं देव जाणे, पण 'दणकट दंड' नेमकं ऐकलं.

गुड फ्रायडेला चर्चच्या पायरीवर, साऱ्या गावासमोर, तिनं डबा उघडला आणि भाकरी खाल्ली. कुणीतरी नाक मुरडलं.

"माज्या दंडांना भूक लागते," ती ठणकावून म्हणाली. "तुमच्यांना नसंल लागत!"

सेबेस्टियनची छाती पुन्हा फुगली, आणि या वेळी ते त्याला शोभलंही.

खांबाआड रेजिना उभी होती. तिलाही सुई चालू होती, पण सुनेपासूनसुद्धा लपवलेली. कपाळ घामानं भिजलेलं. ती हळूच आल्बिनाजवळ येऊन बसली आणि तिनं भाकरीसाठी हात पुढे केला.

"कोन बगंल ना?" ती कुजबुजली.

"बगू दे," आल्बिना म्हणाली, आणि सरकून तिला पायरीच्या मधोमध जागा करून दिली.