अक्काच्या गोळीचं पथ्य

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मधे थोडं घाबरायचंही आहे. आणि ज्याने हा घोळ घातला तो मीच, जळगावच्या कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवणारा.

माझी मोठी बहीण नरडाण्याला असते. तिला मी अक्का म्हणतो. गेल्या वर्षी तिला कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, सलाइनची औषधं झाली, केस गेले. मग जळगावच्या डॉक्टरांनी रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायची गोळी लिहून दिली. अक्काने विचारलं, पथ्य काय? डॉक्टर म्हणाले, काही नाही, नेहमीचं खा.

झालं, अक्काचा चेहरा पडला. आमच्याकडे साध्या खोकल्याच्या काढ्यालाही पथ्य लागतं. पथ्य नाही म्हणजे डॉक्टरने हात टेकले, एवढाच अर्थ तिने काढला. नरडाण्याला परतताना गाडीतही चेहरा तसाच.

मग माझ्यातला मास्तर जागा झाला. मी म्हटलं, "अक्का, ऐक. पेशीला एकाच्या दोन व्हायचं असेल तर आतला सगळा मजकूर आधी नव्याने उतरवून काढावा लागतो. उतरवताना मधेच तुटतं, चुकतं. ते सांधायला चांगल्या पेशीकडे दोन रस्ते असतात. तुझ्या आजाराच्या पेशींचा एक रस्ता मुळातच बंद आहे. ही गोळी दुसराही बंद करते. मग ती पेशी वाढायला जाते आणि स्वतःच कोसळते."

अक्काने सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "मंग पथ्य काय शे?"

"एकच पथ्य," मी ऐटीत म्हणालो, "दुरुस्ती होऊ द्यायची नाही."

काय वाक्य होतं, सांगा बरं! तिला घरी सोडून परत जळगाव येईपर्यंत मी स्वतःवरच खूश होतो.

पुढच्या खेपेला नरडाण्याला गेलो तर मोरीतला नळ गळत होता. त्यापुढच्या खेपेला भिंतीवरचं घड्याळ बंद. मग पंखा गेला, तोही ऐन एप्रिलात. अहो, खानदेशातला एप्रिल आणि पंखा बंद! दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, पुठ्ठ्याने वारा घेत बसलेले. चाळीस वर्षं कारखान्यात फिटर म्हणून काढलेला माणूस, पण त्यांच्या सदऱ्याचं बटण दोऱ्यावर लोंबकळत होतं. मी त्याकडे पाहिलं की ते खिडकीबाहेर पाहायचे.

दर खेपेला घरातलं आणखी काहीतरी थांबलेलं असायचं. आणि अक्का त्या सगळ्याच्या मधोमध बसून माझ्याकडे बघून हसायची. खरं सांगतो, मला ते हसू सहन व्हायचं नाही.

मे महिन्यात दिवेलागणीला पोचलो. ओसरीचा दिवा गेलेला, आतलाही. दार बिजागरीतून सुटून तिरकं झालेलं, ते उचलून आत गेलो. अंधारात दोघं बसली होती. आरशाला वरपासून खालपर्यंत तडा, त्यात माझं तोंड दोन जागी दिसलं. नळाचं पाणी थेंब थेंब वाजत होतं.

एवढ्यात दारावरची बेल वाजली. लांबच लांब.

कुणी उठलंच नाही.

"अक्का, कोणीतरी आलंय."

"कोनी नही," अक्का शांतपणे म्हणाली. "ती आपोआप वाजस."

मी दाराशी जाऊन पाहिलं. अंगणात कुणीही नव्हतं. समोरचा रस्ता रिकामा. आत येऊन बसलो तोच पुन्हा बेल. मुलांना भुताखेतांविरुद्ध भाषणं देणारा मी, पाठीवरून घाम ओघळत होता. दाजींनी मान खाली घातली होती. अक्काने बेलच्या दिशेने हात जोडले.

ती मागच्या खोलीत पडायला गेली तेव्हा मला रडू आलं. हिने आशा सोडली, असं मला वाटलं. माणूस जायला निघाला की घरातूनही लक्ष काढून घेतो, म्हणून हे घर असं तिच्याबरोबर विझत चाललंय. दोन दिवसांनी जळगावला स्कॅन होता. त्यात काय निघणार याची धास्ती होतीच. ते माझ्या हातात नव्हतं, पण निदान ती बेल तरी बंद करता येण्यासारखी होती.

भाजीची सुरी घेऊन बाहेर गेलो. बेलचं बटण सैल झालं होतं, वारा आला की आतली पट्टी टेकायची. स्क्रू आवळला.

"मास्तर, हात लावू नका," दाजी कुजबुजत धावत आले. पण तोवर झालं होतं.

घर एकदम चिडीचूप झालं. त्या शांततेनेच अक्का उठून आली.

"बेल काबरं वाजी नही राहिनी?"

"मी दुरुस्त केली," मी म्हणालो.

अक्का मटकन खाली बसली. दाजींचा चेहरा पांढराफटक. संध्याकाळच्या गोळीचं पाकीट अक्काच्या हातात होतं, ते तिने जमिनीवर ठेवलं.

"तूच तं सांगं व्हतं," ती म्हणाली, "दुरुस्ती व्हऊ देवानी नही. मी बठ्ठं पाळं. आते गोयी खाईसन काय फायदा?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. नळ, घड्याळ, पंखा, दाजींचं बटण. ग्रहणात गरोदर बाईने विळी धरायची नाही, तसं गोळी चालू असताना घरात काही सांधायचं नाही! इतके दिवस ती एकटीच लढत होती, आणि हत्यार मीच दिलं होतं.

मी पुन्हा पेशी समजावली, मोबाइलच्या उजेडात कागदावर चित्र काढलं. अक्काने चित्राकडे पाहिलंही नाही. गोळी जमिनीवर तशीच. दाजी माझ्याकडे असे बघत होते की मी शेवटी सुरी उचलली, बाहेर गेलो आणि स्क्रू पुन्हा सैल केला.

पण वारा पडलेला. पान हलत नव्हतं. आम्ही तिघं अंधारात दाराकडे तोंड करून बसलो, कुणीही नसताना बेल वाजावी म्हणून. मी मनातल्या मनात वाऱ्याची काय विनवणी केली ती सांगत नाही.

आणि बेल वाजली. अंगावर सर्रकन काटा आला.

अक्काने गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायली.

स्कॅनचा रिपोर्ट चांगला आला, गोळी काम करतेय असं डॉक्टर म्हणाले. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुमचा जीव उगाच टांगणीला लागेल. मला सांगायचंय ते त्याच्या थोडं आधीचं.

आम्ही पोचलो तर स्कॅनचं मशीन बंद. झाकण उघडं, आत वायरींचा गुंता, आणि एक इंजिनिअर त्यात कोपरापर्यंत हात घालून बसलेला. बाहेर पेशंट ताटकळलेले. दुरुस्ती, तीही अक्काच्या स्कॅनच्या दिवशी! कसा कुणास ठाऊक, मी थेट आत शिरलो आणि त्याची बाही धरली.

"साहेब, आजच्या दिवस दुरुस्त नका करू."

"का हो?"

मी तशीच बाही धरून उभा. तेवढ्यात मागून अक्काने माझा शर्ट ओढला आणि सगळ्या पेशंटांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"येडा व्हई गया का, भाऊ? ते मशीन आपला घरनं शे का? कालेजमा पोरेसले काय शिकाडस रे तू?"