जायफळाची कॉफी

जायफळ किसलं की मला छत्री तलाव आठवतो. दिवाळीनंतरच्या कोवळ्या उन्हात चुलतभाऊ आणि मी सायकलींनी तिथं कॉफी प्यायला जायचो. तो गिअरवाल्या सायकलवरून रस्ताभर खिजवायचा, "तुयी सायकल हाये का बैलबंडी?" एकदा माझी चेन उतरली, तर कॉफीचा थर्मास घेऊन पुढं निघून गेला. मी पोचले तेव्हा थर्मास रिकामा होता. पुढच्या रविवारी मी कॉफीत अख्खं जायफळ किसलं आणि नुसता कप ओठाला लावत बसले. तो हक्कानं सगळी प्यायला आणि पाण्याकाठीच घोरायला लागला. मी त्याची सायकल घेऊन राजापेठेत घरी परतले. त्याच्यासाठी बैलबंडी ठेवली होती, चेन उतरवून. अजूनही तो माझ्याकडं फक्त चहा घेतो. मी मात्र दर वेळी आधी कॉफीच विचारते.