विहिरीतला नेम

आमच्या वडगाव निंबाळकरला उतार शोधून सापडत नाही. ऊस, कालवा, पुन्हा ऊस. सगळं ताटासारखं सपाट. सायकलला ब्रेक नसला तरी इथं कुणाचं काही अडत नाही. आणि मला हवा होता उतार, तोही चांगला खडा.

गेल्या वर्षी डोंगरातल्या तिरंदाजीच्या निवड चाचणीत मी एकाच लक्ष्यावर बाद झाले होते. लक्ष्य पायाखाली, जेमतेम पाच मीटरवर. दगड मारला तरी लागेल इतकं जवळ, आणि माझे तिन्ही बाण त्याच्या खाली मातीत. वयाच्या अटीमुळं यंदाची चाचणी माझी शेवटची होती. ती आठ दिवसांवर आली तसं माझं जेवणावरचं लक्ष उडालं. एका जागी बसवेना. कुणी हाक मारली तरी अंगावर जायचे.

उतार नव्हता, पण रानात जुनी विहीर होती. पाइपलाइन आल्यापासून तिच्याकडं कुणी फिरकत नव्हतं. पाणी आटून तळाला नुसता चिखल. पायऱ्यांच्या मधल्या टप्प्यावर आईनं पाचट ठासून भरलेलं पोतं उभं केलं. मी त्याला कागद लावला आणि समोरच्या कठड्याशी उभी राहून खाली बाण मारू लागले. बाण पोत्याच्या खाली दगडावर खणकन आपटायचा आणि तळाला जायचा.

तळातले बाण आणायला आई उतरायची. वरच्या पायऱ्या निखळलेल्या, कोणती हलते ते तिलाच ठाऊक. "तू न्हाय उतरायचं," एवढंच म्हणायची. दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून ती उतरू लागली की मला माझीच चीड यायची, आणि ती मी तिच्यावर काढायचे. "लवकर गं!" असं मी वरून ओरडायचे. आज आठवलं की लाज वाटते.

आमचे प्रशिक्षक सर फोनवर रोज एकच सांगायचे, "कमरेतून वाक, आणि साइट तीस मीटरच्या खुणेवर ने." साइट म्हणजे धनुष्यावरचा नेम धरायचा सरकता ठिपका; खूण जितकी लांबची, तितका बाण वर. पाच मीटरला तीसची खूण? म्हणजे बाण लांबच्या लक्ष्यासारखा वर जाणार. लक्ष्य नाकासमोर, तेही खाली, मग वर कशाला मारायचं? सरांना ऊन लागलंय असं मी ठरवून टाकलं आणि उतारावर खूण कमी करतात या ऐकीव नियमानं ती उलट कमी केली. बाण आणखी खाली गेले.

शुक्रवारी आई तळातून म्हणाली, "बादली सोड, बाण तिच्यातनं वर घे. मला दोन्ही हात भिंतीला पायजेत."

मी कठड्यावरून वाकून बादली सोडली. मला ती भिंतीपासून चांगली लांब दिसत होती, पण गेली दगडांवर खडखड आपटत.

"हात पुढं काढ की!" आई खेकसली. "डोकं तुझं विहिरीत, अन् हात कठड्याला चिकटलेला. डोळ्याला दिसतंय तितंच हात हाय व्हय?"

मी दोर धरून तशीच उभी राहिले. बाण तरी कुठं डोळ्यापाशी असतो? तो असतो हनुवटीखाली. लांब जायचं असलं तर चढत चढत डोळ्याच्या रेषेला येतो. पाच मीटरमध्ये त्याला चढायला जागाच मिळत नाही, म्हणून त्याला आधीच वर रोखायचं, तीसच्या खुणेवर. सर हेच सांगत होते आणि मी ऐकत नव्हते.

आई वर आल्यावर मी तीसची खूण लावली. कमरेतून वाकले. बाण कागदाच्या मधोमध बसला, पुढचा त्याच्या शेजारी. "आता कसं!" आई म्हणाली आणि कठड्यावर टेकून गुडघा चोळत बसली.

रविवारी चाचणीत त्याच लक्ष्यावर मी तीसची खूण लावली. शेजारची मुलगी माझ्या साइटकडं बघून हसलीसुद्धा. तिन्ही बाण लागले. माझी निवड झाली, शिबिराला जायचं ठरलं.

सोमवारी सकाळी पुन्हा विहिरीवर गेलो. बाण सगळे पोत्यात. ते काढायला आई नेहमीसारखी उतरू लागली. "तू न्हाय..." ती म्हणेपर्यंत मी तिच्या मागं पहिल्या पायरीवर होते.

"हितं पाय ठेव. हितं न्हाय, ही हलती."

"सावकाश गं," मी म्हणाले.

ती मागं न वळता म्हणाली, "आठ दिस कुठं गेलतं तुझं सावकाश?"

मी तिचा पदर धरला आणि पुढची पायरी उतरले.