कंचनबाईंची जिवाणी

जुन्नरच्या पेठेतलं कापडाचं दुकान मुलाच्या, पीयूषच्या, हाती देऊन गुलाबचंद मोकळे झाले तेव्हा ते पासष्टीला आले होते आणि पार दमले होते. भारनियमन, घासाघीस, दारावरची वर्दळ, सगळ्याचा वीट आला होता. तालुक्यातच कुठेतरी विजेच्या तारेवाचून, आपल्यापुरतं पिकवून राहावं, असं त्यांनी मनाशी घेतलं. २००२च्या दिवाळीनंतर जागा पाहायला निघाले. शेजारी म्हणून मला सोबत नेलं.

आम्ही यादी करून रीतसर पाहिलं. आळे गावची जमीन चांगली, पण वर्दळ तीच. घाटघरचा वारा त्यांच्या गुडघ्यांना झेपणारा नव्हता. मढच्या वरच्या अंगाला गेणूभाऊ या शेतकऱ्याचं शेतातलं घर रिकामं होतं. छपरावर सौर दिव्याची सोय होण्यासारखी, गोठ्यात गाई, दारात भरलेली विहीर. गुलाबचंदांनी गेणूच्या बायकोला, साळुबाईंना, विचारलं, "उन्हाळ्यात पाण्याचं कसं?"

"घरात पाणी नाय असं आजवर झालं नाय, शेठ."

मी यादीत पाण्यापुढे खूण केली.

वर्षभर राहून पाहायचं, जमलं तर कायमचं, असं ठरलं. पत्नी कंचनबाईंनी एवढंच सांगितलं, "माझा नियम पाळता येईल तोवरच मी तिथे राहीन." पाणी दुहेरी कापडातून गाळायचं आणि कापडावर राहिलेले बारीक जीव, म्हणजे जिवाणी, ज्या विहिरीतून आले तिथेच हलक्या हाताने परत सोडायचे, हा त्यांचा लग्नाआधीपासूनचा जैन नियम. विहीर दारातच होती. हिवाळा बरा गेला. गुलाबचंद दुपारी ओट्यावर झोपू लागले होते.

मे महिन्यात विहीर आटली. वस्तीवर टँकर आला, पिंपं भरली.

"हे पाणी कुठल्या विहिरीचं?" कंचनबाईंनी विचारलं.

"खालच्या. दोन कोस हाय," टँकरवाला भिका म्हणाला. "का भाभी, परत न्यायचं का काय?"

"हो."

भिका हसला, पण दोन दिवस त्याने जिवाणीची कळशी नेली. तिसऱ्या दिवशी ती वाटेत कलंडल्याचं त्यानेच येऊन सांगितलं. प्रायश्चित्त म्हणून कंचनबाई दिवसभर जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून गुलाबचंद स्वतः कळशी घेऊन उतरू लागले.

मी भेटायला गेलो तेव्हा साळुबाईंना म्हणालो, "तुम्ही तर पाणी असतं म्हणाला होता."

"मग खोटं काय बोलले? डोक्यावर आणलं, पण घरात नाय असं व्हऊ दिलं नाय."

विहीर उन्हाळ्यात पाहायला हवी होती.

नवव्या दिवशी गुलाबचंद चढणीवर बसले ते उठेचनात. गेणूने हाताला धरून घरी आणलं. कंचनबाईंनी त्यांच्या गुडघ्याला तेल लावलं आणि तेल लावता लावताच म्हणाल्या, "उद्या जाऊ."

"शेठ, पाऊस पंधरा दिवसांवर आलाय राव," गेणू म्हणाला.

"आणि पुढचा मे?" कंचनबाई म्हणाल्या.

सकाळी शेवटची कळशी कंचनबाईंनी मांडीवर धरली. टँकरच्या केबिनमध्ये दोघं भिकाशेजारी बसले आणि खालच्या विहिरीपाशी उतरून, जिवाणी पाण्यात सोडून जुन्नरच्या एसटीची वाट पाहू लागले.