पाचर मारलेलं चाक

आधी नाव कांबळेकाकांचं. ते नसते तर हे लिहायला मी बसलोच नसतो. बेलवलीला राहतात, आमच्या युनिटमधले सगळ्यात जुने फिटर. मी हिंगोलीकडचा, आठवीत शाळा सोडलेली, चिखलोलीत चौघांत एक खोली. भूतबित मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही... पण हे डोक्यातून जात नाही. लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या.

अंबरनाथ एमआयडीसीत पुठ्ठ्याचे बॉक्स कापायचं जुनं मशीन. आत दोन लोखंडी दांडे गुडघ्यासारखे जोडलेले – चाक फिरलं की गुडघा सरळ होतो, दाब बसतो. दाब नीट बसेना, म्हणून मेन स्विच बंद करून दांडा कुठून कुठे जातो ते मी खडूने मार्क करत होतो. आधी चाकाला लाकडी पाचर मारायची असते. घाईत मारली नाही. चाक स्वतःच्या वजनाने फिरलं, गुडघा सरळ... आणि माझं मनगट मागच्या फ्रेमशी दाबलं गेलं.

सुपरवायझर ओरडला, "अरे, चक्का उल्टा घुमाओ!"

"कोणी हात लावायचा नाय!" काकांनी पाचर ठोकली. मग फळीवर पुठ्ठ्याच्या पट्ट्या टाचण्यांनी जोडून तेच दांडे मापात बनवले. नेहमीची सवय त्यांची. आम्ही हसायचो – काकांचा पतंग! पण पुठ्ठ्यावर दिसत होतं ते खरं होतं. चाक उलटं फिरवलं तर सरळ झालेला गुडघा कुठेही दुमडू शकतो. बाहेर दुमडला तर मी सुटणार, आत दुमडला तर हात गेला. सांध्यातली पिन ठोकून काढायची तरी तीच भीती.

काकांनी पट्टी चारदा हलवून पाहिली. चारही वेळा आत.

"काका, आईला नका कळवू." बोटं बधिर झाली होती.

"गप रे. अजून हात तुझाच आहे."

दोन्ही टोकं टाचून त्यांनी फळी खाली ठेवली, घाम पुसायला. तेवढ्यात पट्टी आपोआप बाहेर दुमडली. आणि त्याच क्षणी मशीनमधला गुडघा, आवाज न करता, बाहेर सरकला. मी हात ओढला.

पाचर जागच्या जागी. चाक तसूभर हललं नव्हतं. टोकं पक्की असताना सरळ दांडे दुमडतील कसे? काकांनी नंतर एकेक पिन मोजली, कुठेच ढिलाई नाही. पुठ्ठ्यावर तसंच करायला गेले तर पट्टी फाटली.

"मला नाय कळलं, बाळा," म्हणाले. मला तर काय कळणार...

काका एकटेच असतात, गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. काका, उद्या तुम्हाला उचलून न्यायची वेळ आली, तर मी कुठेही असलो तरी येणार. दोन्ही हात घेऊन.