आईच्या झोपेचा फोटो

आमच्या गोव्यातल्या, मुळगावच्या घरात पलंग एकच होता आणि तो आईचा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे भर सभागृहात आमच्या घरात पलंगच नाही असं सांगितलं गेलं आणि त्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी अकरावीत होते. आमच्या डिचोलीच्या शाळेचं जर्मनीतल्या एका शाळेशी जमलं होतं. दिवाळीच्या आधी त्यांची मुलं येऊन आमच्या घरांत राहणार आणि मेच्या सुट्टीत आम्ही त्यांच्या घरी जाणार. बाबा खाणीच्या कामावर टिपर चालवायचे. आमच्या घरी गोरी पाहुणी येणार म्हणून त्यांनी पडवीला रंग दिला. आईनं पलंगावर नवी चादर घातली, घरातला चांगला पंखा त्या खोलीत नेला आणि स्वतःची चटई स्वयंपाकघरात टाकली. दुपारची जेवणं आटोपली की ती एरवीही तिथेच चटईवर लवंडायची. सकाळपासून राबलेल्या बाईची तेवढीच काय ती स्वतःची वेळ.

पाहुणी माझ्याच वयाची होती. हसरी, गोड. पाववाल्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की पाव घ्यायला माझ्याआधी धावायची. आईच्या हातची बांगड्याची आमटी बोटं चाटून खायची. गळ्यात कॅमेरा असायचा, आणि आम्हाला त्याचं कौतुकच होतं.

ती मुलं परत जायच्या आदल्या दिवशी शाळेत कार्यक्रम झाला. प्रत्येकानं आपापल्या घराबद्दल बोलायचं आणि पडद्यावर फोटो दाखवायचे. आई जत्रेला नेसायची ती साडी नेसून, केसांत अबोली माळून पहिल्या रांगेत बसली. आमचं अंगण आलं, खाणीच्या धुळीनं लाल झालेली पेरूची पानं आली, पोदेर आला. मग आई आली. चटईवरून घरंगळलेली, गाल उघड्या जमिनीवर, तोंड उघडं, साडी गुडघ्यापर्यंत वर गेलेली. भेगाळलेल्या टाचा कॅमेऱ्याकडे. एका बाजूला गॅसचा सिलिंडर, दुसऱ्या बाजूला मासळीची बादली.

पाहुणी म्हणाली, "या घरात आईला झोपायला पलंग नाही. तरी बघा, ती किती शांत आहे."

पलंग होता! त्यावर तूच झोपत होतीस, बये! मला उठून ओरडावंसं वाटलं, पण टाळ्या सुरू झाल्या होत्या. कार्यक्रमाला पणजीहून आलेल्या, त्याच रांगेतल्या पाहुण्यांनी आईला ओळखलं आणि ते वळून वळून बघू लागले. पाहुणीनं धावत येऊन आईला मिठी मारली आणि विचारलं, आवडला का? आईला इंग्रजीतला जो एक शब्द येत होता तो तिनं वापरला. "नाइस," ती म्हणाली आणि हसली. घरी आलेल्या माणसाला ती दुसरं काही म्हणूच शकत नव्हती.

त्या दिवसापासून आई दुपारची आडवी होईना. जेवण झालं की मागच्या दारात पायरीवर बसायची, पाय साडीत ओढून घ्यायची आणि बसल्या बसल्या डुलक्या काढायची. शेजारीण एकदा दात काढून म्हणाली, "काय गो, तुझो फोटो भिंतीएवढो दिसलो म्हणे? पायांच्यो भेगो पण दिसत होत्यो!" आई तिच्याबरोबर हसली. मला त्या शेजारणीचं थोबाड फोडावंसं वाटलं.

मे महिन्यात मी निघाले तेव्हा आईनं बॅगेत त्यांच्यासाठी काजू आणि कोकमाची सोलं भरली. बस शाळेसमोर उभी होती. आईनं माझा हात धरून बाजूला घेतलं.

"तिका सांग, तो फोटो पुसून टाक म्हणान. रागान सांगू नको. पण सांग."

स्वतःसाठी तिनं माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

त्यांचं घर चकचकीत होतं. पाहुणीची आई दातांची डॉक्टर, बोलायला मऊ. तिनं मला जेवणाच्या खोलीत नेलं आणि भिंतीकडे हात केला. तिथे आमच्या खिडकीएवढ्या फ्रेममध्ये आई झोपली होती. त्या फोटोला कसलंसं बक्षीसही मिळालं होतं.

"मी रोज सकाळी तुझ्या आईला गुड मॉर्निंग म्हणते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मला बसायला दिलेली खुर्ची नेमकी त्या फोटोखालची. डोक्यावर आईच्या टाचा घेऊन मी त्यांचा पाव आणि चीज गिळत होते.

दुसऱ्याच दिवशी मी पाहुणीला सांगितलं, अगदी आईनं सांगितलं होतं तसं, न रागावता. आईला तो फोटो नको आहे. तो काढून टाक.

"पण तिला आवडला होता. ती नाइस म्हणाली होती."

"लाजेनं म्हणाली."

तिनं माझ्याकडे दयेनं बघितलं. "तुला तुझ्या आईची लाज वाटते का? वाटू देऊ नकोस. ती खूप सुंदर आहे."

मी तिच्या आईलाही सांगून पाहिलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ही कला आहे, तू मोठी झालीस की तुला कळेल, असं त्या म्हणाल्या. वाईट माणसं असती तर मी भांडले असते. ही माणसं मला रोज गरम दूध देत होती.

मग रविवार आला. जेवणाबरोबर वाइन झाली आणि डॉक्टरीणबाई बागेतल्या आरामखुर्चीवर लवंडल्या. एक पाय खाली लोंबत होता, झगा मांडीपर्यंत सरकला होता, तोंड उघडं होतं. मी मोबाइल काढला आणि जवळ जाऊन, नीट उजेड बघून फोटो घेतला.

त्यांच्या शाळेतही तसाच कार्यक्रम होता आणि या वेळी बोलायचं आमच्या मुलांनी होतं. डॉक्टरीणबाई पहिल्या रांगेत, मोत्यांची माळ घालून. मी त्यांची बेकरी दाखवली, रंगीत कचरापेट्या दाखवल्या आणि मग डॉक्टरीणबाईंना दाखवलं. मी म्हणाले, "या घरातली आई दुपारी झोपते. बघा, किती शांत आहे."

कोणी टाळी वाजवली नाही. कोणी हसलंही नाही. त्यांच्या एक शिक्षिका उठल्या आणि त्यांनी पडद्यावरचा फोटो बंद केला. आमच्याकडे माणसाला विचारल्याशिवाय त्याचा फोटो दाखवत नाहीत, असं त्यांनी सगळ्यांसमोर मला सांगितलं. आमच्या बाई डिचोलीहून बरोबर आल्या होत्या. त्या दात-ओठ खात माझ्या कानाशी आल्या, "शाळेचं नाव धुळीला मिळवलंस! आधी माफी माग." मी माफी मागितली. मोबाइलमधून फोटो पुसला. शिक्षिका शेजारी उभं राहून, तो खरंच गेला का हे बघत होत्या.

डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते बघून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? खूप बरं वाटलं. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आता माझ्या आईचा," मी म्हणाले.

त्यांनी रुमालानं डोळे टिपले. माझ्या गालावरून हात फिरवला. "तुझ्या आईचं वेगळं आहे गं," त्या हळूच म्हणाल्या.

उरलेले दिवस मी त्याच खुर्चीवर जेवले.

घरी आल्यावर आईनं बॅग उघडायच्याही आधी विचारलं, "सांगलंस?"

"सांगलंय."

"पुसल्यान?"

"पुसल्यान. माझ्यासमोर."

त्या दुपारी जेवणं झाल्यावर तिनं खुंटीवरची चटई काढली, झटकली आणि स्वयंपाकघरात पसरली. कित्येक महिन्यांनी ती हातपाय सैल सोडून झोपली. तोंड थोडं उघडं, टाचा दाराकडे. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर बसून राहिले. खोटं बोलल्याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

डिसेंबरात जर्मनीहून खोकं आलं, आईच्या नावानं. मी शाळेत होते, त्यामुळे ते तिनंच उघडलं. संध्याकाळी आले तेव्हा शेजारची पोरं अंगणात चॉकलेट खात होती. आई तिसऱ्यांचे शिंपले साफ करत बसली होती. पलंगावर उलटी ठेवलेली फ्रेम होती. ती सुलट करून बघायची मला गरज नव्हती.

मी दारातच थांबले. तिनं मान वर केली नाही.

"काच बरी जाड असा," ती म्हणाली. मग पुढचा शिंपला उचलून, "माका म्हायत असता तर पाय तरी धुवन घेतले असते."

मला तिनं एका शब्दानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी चटई खुंटीवरच होती. आई मागच्या दारात, पायरीवर, पाय साडीत ओढून बसली होती.

"आये, आत नीज गो," मी म्हटलं. "मी दारात बसतंय."

"नको," ती म्हणाली. "तू बसलंस तरी काय?"