टाचणीबाईची शेळी

तोंडात सतत टाचण्या धरून बोलायची, म्हणून दुकानात सगळे तिला टाचणीबाईच म्हणायचे. कपडे आल्टर करायचं दुकान. पँटची उंची कमी कर, कंबर सैल कर, चेन बदल. बावीस वर्षं ती खिडकीखालच्या त्याच मशीनवर बसत होती. स्वभावानं भारी हट्टी. गिऱ्हाईक म्हणालं, "कात्रीनं उडवून टाका ना," की हिचं डोकं फिरायचं. टाका उसवायचा असतो, कापायचा नसतो, हे ती मालकालाही ऐकवायची.

आणि ही बाई जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर बागेचा खेळ खेळायची! कटर मास्तर चिडवायचे, "काय टाचणीबाई, लागले का भोपळे?" भोपळे गेले खड्ड्यात. खेळ होता तो ताईसाठी. ताई म्हणजे तिची थोरली बहीण, बसनं चार तासांवर राहणारी. दीड वर्षापूर्वी ताईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. फोन केला तर पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. मग भाचीनं हा फुकटचा खेळ दोघींच्या फोनवर टाकून दिला आणि ताई डाव्या अंगठ्यानं बोलायला लागली. बोलायची म्हणजे काय, तर रोज सकाळी आपली शेळी धाकटीच्या बागेत सोडायची. शेळी फुलं फस्त करायची. ही हाकलायची, दुसऱ्या दिवशी शेळी पुन्हा हजर! लहानपणी हिच्या ताटातलं पळवणारी तीच ही ताई. शेळी दिसली की टाचणीबाईला कळायचं, ताई उठलीय, ताई बरी आहे, आणि ताईच्या खोड्या काही जिरलेल्या नाहीत.

मग कंपनीला हाव सुटली. आधी शेळी दमायला लागली. आठ तास थांबा, नाहीतर पैसे भरा. मग बागेच्या फाटकाला कुलूप लागलं. शेवटी शेळीच गायब झाली. ती म्हणे आता सोन्याच्या पेटीत, आणि पेटीतून काय निघेल ते तुमचं नशीब. टाचणीबाईनं एकदा, फक्त एकदा, ताईसाठी पेटी घेतली. निघालं काय? सात टोप्या! वर पडद्यावर अक्षरं नाचली, 'अगदी थोडक्यात हुकलं! आणखी एक?'

चार दिवस ताईकडून काहीच नाही. पाचव्या दिवशी भाचीचा फोन आला. "मावशी, आई फोन हातात धरून नुसती बघत बसते गं. भरू का मी पैसे?"

"खबरदार!" टाचणीबाई कडाडली. "ताई माझी, खोड्या आमच्या, आणि गल्ला यांचा? एक दमडी द्यायची नाही मेल्यांना. रविवारी मी येते."

तिनं दुकानातली चिंध्यांची पेटी उपसली. हिरव्या अस्तराचे दोन सारखे तुकडे, एक ताईच्या घरी ठेवायला, एक आपल्याजवळ. प्रत्येकावर छत्तीस वाफे, अर्धे ताईचे, अर्धे धाकटीचे. जुन्या बटणांची फुलं. कोटाच्या करड्या खिशातून दोन शेळ्या, एक हिची, एक तिची. शेळीच्या पोटाला टिचबटण, वाफ्यावाफ्यात त्याची जोडी. मास्तरांनी हसत हसत का होईना, शिंगं कापून दिली.

रविवारी ताईपुढे तिनं एक बाग अंथरली. ताईचे डोळे चमकले. डावा हात शेळीवर गेला. ओढलं, तर शेळीसोबत अख्खं कापड वर आलं. पुन्हा ओढलं, पुन्हा तेच. टिचबटण सोडवायला दुसऱ्या हातानं कापड धरावं लागतं, हे दोन हातांच्या या शहाणीच्या डोक्यातच आलं नव्हतं. ताईचा ओठ थरथरला, आणि टाचणीबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"थांब," म्हणत तिनं पर्समधून ब्लेड काढलं आणि बसल्या जागी टिचबटणं उसवायला घेतली.

"अगं मावशी, एवढी मेहनत केलीस आणि..."

"वापरणाऱ्याला जड जातंय ना? मग शिवणाऱ्यानं उसवायचं. सैल करायचे पैसे मीही घेते गं, पण मुद्दाम घट्ट शिवून नाही घेत!"

छत्तीसच्या छत्तीस टिचबटणं निघाली, त्या जागी आणि शेळीच्या पोटाला पर्समधल्याच वेल्क्रोचे, एका हातानं सुटतील असे छोटे तुकडे बसले. दुपार सरली. शेवटचा टाका घालते तोच ताईचा फोन वाजला, 'तुमची बाग सुकतेय! आज पेटी निम्म्या किमतीत!' ताईनं तो मांडीवर ओढला, डाव्या अंगठ्यानं खेळाचं चित्र दाबून धरलं. फोननं विचारलं, 'खेळ काढून टाकायचा? तुमचं सगळं पुसलं जाईल.' ताईनं धाकटीकडे एकवार पाहिलं आणि 'हो' दाबलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधीच टाचणीबाईच्या मोबाईलवर एक फोटो आला. वाकडा, हललेला, अर्ध्या भागात अंगठा. पण धाकटीच्या वाफ्यात, ऐन फुलांत, शेळी उभी! टाचणीबाईनं तोंडातल्या टाचण्या तळहातावर काढल्या, डोळे पुसले आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशी ओरडली,

"मास्तर, आली बघा सटवी! फुकटात आली!"